शस्त्रक्रियेपूर्वीचा उपवास

शस्त्रक्रियेपूर्वी रोग्याला उपाशी का ठेवतात, हा प्रश्न पुष्कळ पालकांना पडतो. या साध्या नियमामागे मोठा इतिहास असून त्यात मुक्या प्राण्यांचा वाटा मोलाचा आहे.

सुश्रुतसंहितेत रोग्याला आधी जेवू घालून मग शस्त्रकर्म करावे, असे सांगितले आहे. मात्र उदररोग, मूळव्याध, मुतखडा, भगंदर इत्यादींत त्याला उपाशी ठेवावे, असा अपवादही केला आहे. प्राण्यांवर आधी प्रयोग करण्याची पद्धतही जुनीच. बाराव्या शतकात सेव्हिलचे वैद्य इब्न झुह्र यांनी श्वासनलिकेवरील शस्त्रक्रिया प्रथम बकरीवर करून पाहिली होती.

१८४७ साली क्लोरोफॉर्मचा वापर सुरू झाला आणि नवा धोका उभा राहिला. बेशुद्धीत उलटी झाल्यास पोटातले अन्न फुप्फुसात शिरते. न्यूयॉर्कचे डॉ. मेंडेल्सन यांनी १९४६ साली ४४,०१६ गर्भवतींच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांत ६६ जणींवर हा प्रसंग आला होता. मग त्यांनी सशांच्या फुप्फुसांत जठरातील आम्ल द्रव सोडला, तेव्हा गंभीर इजा झाली. आम्लता काढलेल्या द्रवाने तशी झाली नाही. खरा शत्रू आम्ल आहे, हे सशांनी शिकविले.

परंतु प्रयोगशाळेतील सर्व प्राण्यांना एकच नियम लागू पडत नाही. कुत्र्या-मांजरांना उलटी होते, म्हणून त्यांचे अन्न काही तास आधी बंद करतात. ससा व उंदीर यांना उलटी होतच नाही. उलट ससा फार वेळ उपाशी राहिला तर त्याचे आतडे मंदावून जीवावर बेतते. शेळी-मेंढीचे पहिले पोट मात्र एका दिवसाच्या उपवासानेही पूर्ण रिकामे होत नाही. आडवे पाडले की त्यात वायू साचून पोट फुगते.

भारतात १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने असे प्रयोग भूल देऊन व दयाबुद्धीने करण्याचे बंधन घातले. आपल्या नागपुरात १९५८ पासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे. हुडकेश्वरच्या विद्यार्थ्यांना हे ज्ञान दूरचे नाही.

पालकांनीही ध्यानात ठेवावे : शस्त्रक्रियेच्या सकाळी मायेपोटी मुलाला लपवून भरविलेला घास घातक ठरू शकतो. चुकून काही खाल्ले असेल, तर डॉक्टरांना लगेच सांगावे. पाणी केव्हापर्यंत द्यावे, हेही त्यांनाच विचारावे. नियमामागचे कारण समजले, की तो पाळणे जड जात नाही.