नर्मदेकाठच्या कवटीचे गोत्र

नर्मदेची परिक्रमा केलेल्या मंडळींना होशंगाबाद हे नाव ठाऊक असेल. २०२२ पासून त्याला नर्मदापुरम् म्हणतात. त्याच्या वरच्या अंगाला, नदीच्या उत्तर तीरावर हथनोरा नावाचे खेडे आहे. ५ डिसेंबर १९८२ रोजी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे अरुण सोनकिया यांना तेथील गोटेमिश्रित थरात एक कवटी सापडली. कवटी कसली, अर्धीच; उजव्या बाजूची. चेहरा नाही, दात नाहीत, खालचा जबडाही नाही. पण भारतात इतक्या प्राचीन मानवाचे डोके त्यापूर्वी कोणाच्या हाती लागले नव्हते!

भुवयांवरचा जाड कंगोरा आणि हाडाची जाडी पाहून सोनकियांनी ती ‘होमो इरेक्टस’ या जातीत घातली व पुढे ‘नर्मदेन्सिस’ हे उपनाम जोडले. १८९१ साली जावा बेटात द्युब्वा यांना मिळालेल्या मानवाची ही जात. आफ्रिका आणि जावा यांच्यामधला दुवा आपल्या नर्मदेकाठी सापडला, असे त्यामुळे वाटू लागले.

पुढे केनेथ केनेडी यांनी काही सहकाऱ्यांसह मापे पुन्हा घेतली. मेंदूची पोकळी ११५५ ते १४२१ घनसेंटिमीटर भरली. एवढे अंतर का? अर्धी कवटी मनाने पुरी करावी लागते, म्हणून. कमी आकडा धरला तर इरेक्टसला जागा उरते. जास्त धरला तर तुमच्याआमच्या सरासरीच्याही तो वर जातो. १९९१ च्या निबंधात त्यांनी ती प्राचीन सेपियन्समध्ये हलवली. त्या निबंधाच्या लेखकांत स्वतः सोनकियाही होते, हे मला विशेष वाटते. आपणच केलेले बारसे मोडायला मन मोठे लागते.

मात्र ‘प्राचीन सेपियन्स’ ही, खरे सांगायचे तर, धर्मशाळाच आहे. ज्याला घर नाही तो तेथे उतरतो. काहीजण तिला हायडेलबर्ग मानवाच्या कुळात घालू पाहतात. पण त्या जातीचा मूळ नमुना, १९०७ साली जर्मनीत मिळालेला, म्हणजे केवळ खालचा जबडा! आपल्याकडे नेमका तोच नाही. ताडून पाहावे तरी कशाशी?

वयाचेही तसेच. नदीने वाहून आणलेल्या थरात जुने-नवे मिसळते. हथनोऱ्याच्या गोट्यांत हत्तीवर्गीय प्राण्यांचे अवशेष आणि दगडी हातकुऱ्हाडी मिळाल्या, पण त्या या माणसाच्याच, असे कोण सांगणार? नर्मदेच्या काठाने आणखी एखादी कवटी, चेहऱ्यासह आणि दातांसह, दिली तरच हा तंटा तुटेल.