वाडा आणि सुतार

पुण्याच्या शनिवारवाड्यांत जाणारास आज बुरूज दिसतात, तट दिसतो आणि आंत उघडीं पडलेलीं जोतीं. त्यावरून पेशव्यांचा वाडा म्हणजे गवंड्याची करामत, असा समज होणें साहजिक आहे. आमच्या मतें तो दुरुस्त केला पाहिजे. त्या जोत्यांवर जें उभें होतें तें बहुतांशीं सुताराचें काम होतें. १७३० च्या जानेवारींत पहिल्या बाजीरावानें पाया घातला. १७३२ मध्यें वास्तुशांत झाली. चिंचवडच्या खाणींतला दगड, जेजुरीकडचा चुना व जुन्नरच्या रानांतला साग आणविल्याचें सांगतात. पैकीं दगड राहिला. साग १८२८ च्या फेब्रुवारींतील आगीनें नेला.

वाड्याचा प्राण लाकडी सांगाड्यांत असे. दगडी तळखड्यावर सागाचा खांब उभा करावयाचा, त्याच्या डोक्यास कुसू काढून वरच्या लाकडाच्या खाचेंत बसवावयाचें. मग तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर पाट, आणि पाटांवर माती-चुन्याची जमीन. सुरूदार खांब, केळफुलें, महिरपी यांचें कौतुक पुष्कळांनीं केलें आहे. आम्हांस खरें नवल वाटतें तें सांध्याचें. पावसाळ्यांत लाकूड फुगतें, उन्हाळ्यांत आक्रसतें, आणि सांधा ही हालचाल सोसून घेतो. खांबाचा पाय ओलीनें कुजला तर तुळईस टेकू देऊन सुतार तेवढाच भाग कापी, नवा तुकडा सांधी, आणि वर बिऱ्हाड नांदतच असे!

दुसऱ्या बाजीरावानें बांधविलेल्या विश्रामबागवाड्यांत १८२१ मध्यें संस्कृत पाठशाळा भरूं लागली. १८७९ च्या आगींत त्याचा कांहीं भाग जळाला. तो पुन्हा उभारण्यांत आला. दर्शनी सज्जाचें कोरीव काम रस्त्यावरूनच पाहावयास मिळतें.

हल्लीं जुन्या घराची डागडुजी म्हणजे कुजल्या तुळईखालीं लोखंडी गर्डर आणि खांबाभोंवतीं सिमेंटचा गिलावा. चुना ओल बाहेर सोडतो. सिमेंट ती आंत कोंडून ठेवतें, आणि वरून ठणठणीत दिसणारा खांब आंतून भुसभुशीत होतो. मालकाचा हेतु वाईट नसतो. सांधा जाणणारा सुतार त्याला सांपडत नाहीं, आणि सांपडला तर त्याची मजुरी भारी वाटते.

शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्याचीं सागवानी कवाडें मात्र आगींतून वांचलीं. त्यांवरील अणकुचीदार खिळे पाहणारे पुष्कळ. खिळ्यांमागच्या फळ्या कशा जोडल्या आहेत तें वांकून पाहणारा क्वचित् भेटतो.