शेपटीचे पंख आणि म्हातारपणाची पुंजी



अमेरिकन मोटारींच्या इतिहासावर बोलायला कामगार संघटनेचा एक कार्यकर्ता उभा राहतो, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. मला स्वतःला मोटार चालवता येत नाही. पण माझे लहानपण कुर्ल्याला गेले आणि आमच्या चाळीमागच्या गॅरेजात एक जुनी डॉज गाडी कायमच्या मुक्कामाला होती. चाके काढलेली, विटांवर उभी. तिच्या पुढच्या बाकावर आम्ही चार पोरे शेजारी शेजारी मावत असू. ही गाडी जातीने अमेरिकन, पण तिची जोडणी आमच्या कुर्ल्यातच प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात झाली होती. १९४७ पासून तेथे डॉज, प्लिमथ आणि डिसोटो या गाड्या जोडल्या जात. त्याआधी १९२८ पासून शिवडीला जनरल मोटर्सचा असाच कारखाना होता. तो १९५४ साली बंद झाला. एवढी अवाढव्य गाडी कोणी आणि कशासाठी घडवली असेल, हा प्रश्न तेव्हा डोक्यात शिरला. शाळा लवकर सुटली. त्याचे उत्तर पुढे वाचनालयांच्या बाकांवर बसून मिळवले. ते आज आपल्यापुढे मांडतो.

दुसरे महायुद्ध संपले तेव्हा अमेरिकेतले मोटारीचे कारखाने चार वर्षे रणगाडे आणि विमाने बनवून मोकळे झाले होते. लोकांच्या गाठीला पैसा होता आणि नवी गाडी मात्र बाजारात नव्हती. या भुकेतून त्या प्रसिद्ध गाड्या जन्मल्या. त्यांच्यात खरी यांत्रिक प्रगती होती, हे आधी प्रांजळपणे सांगितले पाहिजे. क्लच न दाबता आपोआप गिअर बदलणारी हायड्रामॅटिक यंत्रणा ओल्ड्समोबिलने १९४० च्या मॉडेलात आणली. युद्धात ती रणगाड्यांतही बसवली गेली आणि तावूनसुलाखून परत आली. १९४९ साली कॅडिलॅक आणि ओल्ड्समोबिल यांनी नवे व्ही-८ इंजिन आणले. चार-चार सिलिंडरांच्या दोन ओळी इंग्रजी व्ही अक्षरासारख्या तिरप्या मांडलेल्या, आणि झडपा बाजूला न ठेवता सिलिंडरांच्या डोक्यावर. त्यामुळे इंधन अधिक दाबाखाली जाळता येई आणि तेवढ्याच लोखंडातून जास्त ताकद निघे. १९५१ साली क्रायस्लरने यंत्राच्या साहाय्याने हलके वळणारे स्टिअरिंग दिले. जड गाडी कोणालाही एका हाताने वळवता येऊ लागली.

पण लोकांच्या स्मरणात राहिले ते इंजिन नव्हे. स्मरणात राहिले ते मागचे पंख. जनरल मोटर्सच्या रेखाटन विभागाचा प्रमुख हार्ली अर्ल याने युद्धकाळात लॉकहीडचे पी-३८ हे दोन शेपट्यांचे लढाऊ विमान पाहिले होते. त्याचा ठसा १९४८ च्या कॅडिलॅकवर उमटला. मागच्या दिव्यांपाशी पत्रा किंचित वर उचललेला, बस्स, एवढेच. पुढच्या अकरा वर्षांत तो पत्रा वाढतच गेला. १९५९ च्या कॅडिलॅकची लांबी पावणेएकोणीस फूट होती, आणि तिच्या उंच टोकदार पंखांत बंदुकीच्या गोळीसारखे दोन-दोन लाल दिवे होते. पंखांमुळे गाडी वेगात स्थिर राहते असेही सांगितले गेले. पण रोज बाजारहाटाला जाणाऱ्या माणसाला त्याचा उपयोग शून्य. मग ते कशासाठी? उत्तर सोपे आहे. शेजाऱ्याच्या दारात उंच पंखांची गाडी आली, की आपली धडधाकट गाडी जुनी दिसावी, यासाठी.

दरवर्षी नवे रूप हा जनरल मोटर्सचा जुना मंत्र. या मंत्राचा हिशेब समजून घेण्यासारखा आहे. पत्र्याला आकार देण्यासाठी पोलादी साचे लागतात. रूप बदलले की साचे बदलले, आणि त्यांचा खर्च अफाट. शेव्हरोलेटच्या १९५५ च्या मॉडेलाच्या सतरा लाख गाड्या बनल्या. सतरा लाखांत साच्याचा खर्च वाटला की प्रत्येक गाडीवर तो किरकोळ पडतो. पण जो कारखानदार वर्षाला लाखभर गाड्या विकतो, त्याने काय करावे? साचे बदलले तर कर्जात जायचे, न बदलले तर गिऱ्हाईक जायचे. म्हणजे ते पंख शेजाऱ्याच्या गाडीला जुने ठरवत होते तसेच लहान कारखान्यांचा गळाही आवळत होते.

असा एक कारखाना इंडियाना राज्यातल्या साउथ बेंड गावी होता. त्याचे नाव स्टूडबेकर. १८५२ साली स्टूडबेकर बंधूंनी तेथे घोडागाड्या करायला सुरुवात केली. यादवी युद्धात सरकारी सैन्याला त्यांनी गाड्या पुरवल्या. पुढे मोटारी आल्या तेव्हा जुना धंदा कवटाळून न बसता ते मोटारींकडे वळले. महायुद्धानंतर अगदी नव्या घडणीची गाडी सर्वांआधी बाजारात आणली ती यांनीच. रेमंड लोवी या नामांकित रचनाकाराच्या चमूने त्यांच्यासाठी १९५३ साली जी ठेंगणी, निमुळती, चकचकाट टाळलेली गाडी आखली, तिला जाणकार आजही त्या काळातल्या सुंदर गाड्यांत गणतात.

पण मोठ्यांशी स्पर्धा झेपेना. १९५४ साली कंपनी पॅकार्डशी जोडली गेली. त्याच वर्षी साउथ बेंडच्या कामगारांनी मतदान करून स्वतःची पगारकपात मान्य केली. कामगार नेहमी अडूनच बसतात असे म्हणणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे. १९५९ साली कंपनीने जुन्याच सांगाड्याला पुढून-मागून छाटून लार्क नावाची आटोपशीर गाडी काढली आणि ती चांगली खपली. पुढच्याच वर्षी तिन्ही बड्या कंपन्यांनी आपापल्या लहान गाड्या उतरवल्या आणि लार्कचा बाजार बसला. शेवटचा डाव म्हणून १९६२ साली अवंती आली. फायबरग्लासचे अंग, पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक, आणि गाडी उलटली तर माणूस वाचावा म्हणून छपरात दडवलेली पोलादी कमान. पंख नाहीत, उगाचचे क्रोम नाही. उशीर मात्र झाला होता. ९ डिसेंबर १९६३ रोजी, नाताळ पंधरा दिवसांवर असताना, साउथ बेंडचा कारखाना बंद होणार असल्याची घोषणा झाली.

येथवरचा इतिहास मोटारींच्या शौकिनांच्या पुस्तकांतही सापडतो. आता मी माझ्या धंद्याचा भाग सांगतो.

मोटार कामगारांची संघटना ठिय्यातून उभी राहिली होती. फ्लिंट येथे १९३६ च्या डिसेंबरअखेर कामगार जनरल मोटर्सच्या कारखान्यांतच बसून राहिले आणि ४४ दिवसांनी मान्यता घेऊनच बाहेर पडले. १९४८ साली जनरल मोटर्सशी झालेल्या करारात पगार महागाईच्या निर्देशांकाशी जोडला गेला, म्हणजे आपल्या महागाई भत्त्याचाच हा सख्खा भाऊ. १९५० च्या करारात पेन्शन आले. त्याच सुमारास स्टूडबेकरनेही पेन्शन दिले, आणि मागच्या नोकरीची वर्षेही त्यात धरली. आनंदाचीच गोष्ट. पण त्या मागच्या वर्षांचे पैसे फंडात कोठे होते? ते हप्त्याहप्त्याने तीस वर्षांत भरायचे होते. मधल्या काळात पेन्शनचा दर वाढला, की नवे देणेही वाढे. आणि कारखाना तर तेरा-चौदा वर्षांतच बंद पडला.

फंडाची वाटणी झाली ती अशी. जे आधीच निवृत्त होते किंवा साठी गाठलेले जुने कामगार होते, त्या सुमारे ३,६०० जणांना पूर्ण पेन्शन मिळाले. चाळीस ते एकोणसाठ वयाच्या, हक्क पक्का झालेल्या सुमारे ४,००० जणांना त्यांच्या हक्काच्या रकमेचे शंभरातले पंधरा मिळाले. बाकीच्या सुमारे २,९०० जणांना काहीच मिळाले नाही. यात कोणी तिजोरी फोडली नव्हती. सारे कराराप्रमाणे आणि कायद्याप्रमाणे झाले. हीच त्यातली भयंकर गोष्ट.

मी हे एवढ्या पोटतिडकीने सांगतो त्याला कारण आहे. पंचविसेक वर्षांपूर्वी, मी संघटनेत नवा असताना, शंभर-सव्वाशे कामगारांच्या एका कारखान्यात आम्ही पगारवाढीचा करार केला. पेढे वाटले, हार घातले. दोन वर्षांत कारखान्याला टाळे लागले. तेव्हा कळले की भविष्यनिर्वाह निधीची रक्कम पगारातून कापली जात होती, पण भरली जात नव्हती. एक जुना फिटर पगाराच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा घेऊन माझ्याकडे आला. तो रागावला नव्हता. एवढेच म्हणाला, "भाऊ, पगारवाढ तुम्ही आणलीत. फंडाचं कोणी पाहिलं?" मी पाहिले नव्हते. भरण्याची चलने दाखवा, हे एक वाक्य मी त्या वाटाघाटीत उच्चारले नव्हते. त्या दिवसापासून कोणत्याही करारात माझा पहिला प्रश्न तोच असतो.

साउथ बेंडचे दुःख मात्र वाया गेले नाही. पेन्शनला विम्याचे संरक्षण हवे, ही मागणी अमेरिकन संघटनांनी लावून धरली, आणि २ सप्टेंबर १९७४ रोजी तसा कायदा झाला. फंडात किती भरायचे याचे नियम आले, आणि कंपनी बुडाली तरी ठरावीक मर्यादेपर्यंत पेन्शन देणारे सरकारी महामंडळ स्थापन झाले. त्यामागे साउथ बेंडचे उदाहरण लोकांच्या डोळ्यांपुढे होते. ज्यांचे गेले त्यांना मात्र त्याचा उपयोग झाला नाही.

साउथ बेंडला आज स्टूडबेकरचे संग्रहालय आहे. तेथे त्या गाड्या झळझळीत उभ्या आहेत, आणि त्या तशा राहाव्यात असेच मला वाटते. त्यांच्यावर माझा राग नाही. ज्यांनी त्या घडवल्या त्यांचे हात कसबी होते. आपल्यापैकी कोणी जुन्या अमेरिकन गाडीचे चित्र पाहील तेव्हा पंख जरूर पाहावेत. पण घरी गेल्यावर आपल्या फंडाचे पुस्तकही एकदा उघडून पाहावे. पंख साऱ्या रस्त्याला दिसतात. हे पुस्तक आपल्यालाच पाहावे लागते.