गागोद्याचे विनोबा, रोह्याचे चिंतामणराव आणि जगाशी सहकार्य

मंडळी, आजच्या विषयाचं नाव जाहीर केलं तेव्हाच एका श्रोत्यानं विचारलं होतं की पेण-रोह्यात बसून आंतरराष्ट्रीय सहकार्याचं मंडळ काढायचं म्हणजे करायचं काय? ठराव करायचे, की परदेशी पाहुण्याला हार घालायचा? थट्टा आम्हाला मान्य आहे. पण याच दोन तालुक्यांशी नातं असलेल्या दोन माणसांना हा प्रश्न पडला होता आणि दोघांची उत्तरं जवळजवळ उलटी आहेत. तेव्हा आज दाखले घरचेच घेऊ.

विनोबा भावे यांचा जन्म 11 सप्टेंबर 1895चा, पेण तालुक्यातल्या गागोदे गावचा. चिंतामणराव देशमुखांचा 14 जानेवारी 1896चा. जन्मगाव महाडजवळचं नाते, पण घर रोह्याचं. वडील तिथे वकिली करत. म्हणजे दोघांत चार महिन्यांचं अंतर. आणि 1982 साली दोघे गेलेही दीड महिन्याच्या अंतरानं. मधल्या काळात मात्र वाटा कशा फुटल्या बघा. 1916 साली विनोबा इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला निघाले, सुरतेला गाडीतून उतरले आणि काशीला गेले. दाखले त्यांनी आधीच जाळले होते. त्याच सुमारास देशमुख केंब्रिजला वनस्पतिशास्त्राची बक्षिसं मिळवत होते. पुढे आयसीएसच्या परीक्षेतही ते पहिले आले.

देशमुखांना आंतरराष्ट्रीय सहकार्य म्हणजे काय याचा पहिला मोठा धडा मिळाला तो जुलै 1944मध्ये, अमेरिकेतल्या ब्रेटन वूड्सला. ते तेव्हा रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर होते. देश पारतंत्र्यात, शिष्टमंडळाचा प्रमुख इंग्रज, आणि ज्या इंग्लंडकडे भारताचे एक हजार कोटी रुपयांहून जास्त युद्धकाळातले येणे होते, तेच इंग्लंड टेबलाच्या पलीकडे! ही रक्कम साठली ती इथला माल युद्धासाठी नेल्यामुळे, आणि त्याच काळात बंगालमध्ये माणसं उपाशी मरत होती. या येण्याचा प्रश्न नाणेनिधीच्या कक्षेत घ्या, अशी मागणी भारतीय मंडळींनी केली. ती फेटाळली गेली. तरी ते उठून गेले नाहीत. भारताचा वाटा 40 कोटी डॉलर ठरला, आणि पुढे रशिया निधीत आलाच नाही म्हणून भारत पहिल्या पाच सभासदांत जाऊन बसला. नशिबाचा भाग होताच. पण बसायला माणूस जागेवर होता.

1956 साली मुंबईच्या प्रश्नावर देशमुखांनी अर्थमंत्रिपद सोडलं. आपल्याकडे त्यांची आठवण बहुधा इथेच थांबते. आमच्या मते आजच्या विषयाची खरी गोष्ट इथून पुढे सुरू होते. दिल्लीत इंडिया इंटरनॅशनल सेंटर उभं राहिलं, त्याचे ते संस्थापक अध्यक्ष. देशोदेशीच्या माणसांनी एकत्र राहावं, जेवावं, वाद घालावा, यासाठी ही जागा. डॉ. राधाकृष्णन आणि अमेरिकेतले तिसरे जॉन रॉकफेलर यांचा पाठिंबा होता. शीतयुद्धाच्या काळात अमेरिकन पैसा घ्यायचा म्हणजे संशय ओढवून घेणं, हे कळण्याइतके देशमुख नक्कीच जाणते होते. म्हणून संस्था सरकारी नाही, सभासदांत विद्यापीठंही आणि व्यक्तीही, आणि जमाखर्च चोख. लोदी बागेशेजारी जोसेफ स्टाइन यांनी इमारत बांधली: खोल्या, ग्रंथालय, सभागृह, जेवणघर. 1960 साली कोनशिला बसवली जपानचे युवराज अकिहितो यांनी, आणि 22 जानेवारी 1962ला उद्घाटन झालं.

आता गागोद्याकडे. त्याच 1956च्या अखेरीस विनोबांनी काय केलं? भूदानाच्या समित्या मोडल्या आणि ठरावीक निधी घेणंही थांबवलं. तंत्रमुक्ती, निधिमुक्ती असं त्यांनी त्याला नाव दिलं. पुढे ‘जय जगत्’ ही त्यांची घोषणा झाली. 1962 साली सतीश कुमार आणि ई. पी. मेनन हे दोन तरुण अण्वस्त्रांच्या विरोधात दिल्लीहून मॉस्को, पॅरिस, लंडन, वॉशिंग्टनकडे चालत निघाले, तेव्हा विनोबांचा सल्ला एवढाच: खिशात पैसा ठेवू नका आणि शाकाहार सोडू नका. पाकिस्तानातून, अफगाणिस्तानातून, इराणमधून गेले पोरं. ना कार्यालय, ना पावतीपुस्तक!

गंमत अशी की रेमन मॅगसेसे पुरस्कार 1958 साली विनोबांना मिळाला आणि 1959 साली देशमुखांना. एकाला समाजनेतृत्वाबद्दल, दुसऱ्याला शासकीय सेवेबद्दल.

मग कोणाची रीत चालली? ऑक्टोबर 1962मध्ये चीनशी युद्ध झालं आणि मैत्रीची भाषा बोलणं अवघड झालं. तरीही 1 मार्च 1963ला दिल्लीहून पेकिंगकडे मैत्रीयात्रा निघाली. पुढारी आपले शंकरराव देव. घरच्यांनी टीका केली, चीननं प्रवेश दिला नाही, आणि यात्रा आसामात अडली. दिल्लीचं केंद्र मात्र आजही सुरू आहे. पण यावरून देशमुख जिंकले असा निकाल द्यायला आम्ही तयार नाही. युद्धाच्या दुसऱ्या वर्षी शत्रूच्या दाराशी चालत जायला कोणत्याही संस्थेची कार्यकारिणी मंजुरी देती ना! ते धाडस समित्या नसलेल्यांनीच केलं. दुसरीकडे समित्या मोडल्यावर भूदानाचं काम अनेक ठिकाणी थंडावलं, हेही तितकंच खरं.

तेव्हा इथे कोणी मंडळ काढणार असेल तर सुरुवात रोह्याच्या पद्धतीनं करावी असं आम्हाला वाटतं: सभासदांची वही, भेटीचा ठरलेला वार, आणि हिशेब दरवर्षी सगळ्यांपुढे वाचायचा. पाहुणा आला तर हार कमी आणि प्रश्न जास्त. परदेशातून पैसा आलाच तर आधी कायदा बघायचा, मग आपली गरज बघायची. आणि एखाद्या वर्षी सभासदांपैकी दोघे उठून म्हणाले की आम्ही चालत निघतो, मंडळाचं नाव नको, पैसेही नकोत, तर त्यांना अडवायचं का? यावर आमच्यातच एकमत नाही. तुमचं काय म्हणणं आहे ते ऐकू. आता प्रश्न घेऊ या.