मल्टिपल स्क्लेरोसिसमधील मूत्राशयविकार : इतिहास

मल्टिपल स्क्लेरोसिस या मध्यवर्ती तंत्रिका तंत्राच्या (मज्जासंस्थेच्या) दीर्घकालिक रोगात मेंदू व मेरुरज्जू यांतील तंत्रिका तंतूंवरील मायेलिन या वसायुक्त आवरणाचा ठिकठिकाणी नाश होऊन तेथे कठीण चट्टे तयार होतात. बहुसंख्य रुग्णांना रोगाच्या कोणत्या ना कोणत्या अवस्थेत मूत्रविसर्जनासंबंधी तक्रारी उद्भवतात. असे असूनही दृष्टिदोष, कंप व पायांची दुर्बलता यांच्या तुलनेने या तक्रारींकडे वैद्यकाचे लक्ष फार उशिरा गेले. रुग्णाचा संकोच हे याचे एक कारण होय; हा दुर्बलतेचा अटळ परिणाम असून त्यावर उपाय नाही, हा वैद्यांचा समज हे दुसरे.

रुग्णाने स्वतः केलेली या रोगाची सर्वांत जुनी सविस्तर नोंद म्हणजे इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज याचा नातू ऑगस्टस डी एस्ट (१७९४–१८४८) याची दैनंदिनी होय. १८२२ मध्ये दृष्टी अंधुक होण्यापासून सुरू झालेल्या या आजाराच्या वृत्तांतात मूत्रविसर्जनाच्या तक्रारीही आल्या आहेत. त्या वेळी या रोगास नावही नव्हते. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयातील झां मार्तें शार्को (१८२५–९३) यांनी १८६८ मध्ये त्याचे स्वतंत्र रोग म्हणून वर्णन केले. त्यांच्या नावाने प्रसिद्ध झालेल्या लक्षणत्रयीत डोळ्यांचे दोलन, हालचाल करताना होणारा कंप व तुटक उच्चार यांचा समावेश होतो. मूत्राशयाचा त्यात अंतर्भाव नाही.

मूत्राशयावरील तंत्रिका नियंत्रणाचे स्वरूप विसाव्या शतकात स्पष्ट झाले. एफ्. जे. एफ्. बॅरिंग्टन (१८८४–१९५६) या ब्रिटिश संशोधकांनी १९२५ मध्ये मांजरावरील प्रयोगांवरून मूत्रविसर्जनाचे नियंत्रण करणारे केंद्र मस्तिष्कस्तंभात (मेंदू व मेरुरज्जू यांना जोडणाऱ्या भागात) असल्याचे दाखविले. निरोगी अवस्थेत मूत्र साठत असताना मूत्राशयाचा स्नायू शिथिल व मूत्रमार्गाभोवतालचा परिसंकोची स्नायू आवळलेला असतो. विसर्जनाच्या वेळी याच्या नेमके उलट घडते. हा मेळ वरील केंद्र राखते. केंद्रापासून मेरुरज्जूच्या खालच्या टोकापर्यंतच्या मार्गावर चट्टे पडले की, मूत्राशय थोड्याशा मूत्रानेही आकुंचन पावतो व त्याच वेळी परिसंकोची स्नायू मार्ग अडवून धरतो. परिणामी लघवीची अनावर व वारंवार भावना आणि अपुरे विसर्जन हे परस्परविरोधी दोष एकाच व्यक्तीत आढळतात. १९७० नंतर प्रसार पावलेल्या मूत्राशयदाबमापनामुळे ते वेगवेगळे ओळखणे शक्य झाले.

नळीने मूत्र काढण्याचा उपाय प्राचीन आहे. सुश्रुतसंहितेत नाडीयंत्रांचे, तसेच मूत्रमार्गातून औषध घालण्याच्या उत्तरबस्तीचे वर्णन आढळते. १९३० नंतरच्या दशकात फ्रेडरिक फोली या अमेरिकन शस्त्रक्रियातज्ञांनी फुगा असलेली, मूत्राशयात टिकून राहणारी नळी प्रचारात आणली. तिने सोय झाली. परंतु ती दीर्घकाळ आत राहिल्याने जंतुसंसर्ग व खडे होऊ लागले. दुसऱ्या महायुद्धात मेरुरज्जूस इजा झालेल्या सैनिकांसाठी इंग्लंडमध्ये स्टोक मँडेव्हिल येथे १९४४ मध्ये उघडलेल्या केंद्रात लुटव्हिख गुटमान (१८९९–१९८०) यांनी नळी कायम न ठेवता ठराविक वेळाने घालून काढण्याची पद्धत अवलंबिली. यासाठी पूर्ण निर्जंतुकता पाळावी लागे. त्यामुळे ती रुग्णालयाबाहेर चालविणे कठीण होते.

हे बंधन मिशिगन विद्यापीठातील मूत्ररोगतज्ञ जॅक लॅपिडिस यांनी सैल केले. मूत्राशय अती ताणला गेल्याने त्याच्या भित्तीचा रक्तपुरवठा घटतो व प्रतिकारशक्ती कमी होते. संसर्गाचे मुख्य कारण हे असून नळीबरोबर आत जाणारे थोडे जंतू दुय्यम होत, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्यावरून निर्जंतुक साधनांऐवजी धुतलेले हात व स्वच्छ नळी पुरेशी असून मूत्राशय वेळच्या वेळी रिकामा होणे अधिक महत्त्वाचे, हा निष्कर्ष निघाला. मल्टिपल स्क्लेरोसिस असलेल्या रुग्णांचाही या उपचारात समावेश होता. १९७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पद्धतीस प्रारंभी विरोध झाला. पुढे मात्र ती जगभर मान्य झाली. शस्त्रक्रियागृहातील कृती रुग्णाच्या स्वतःच्या हाती आल्याने घराबाहेर पडणे, नोकरी व प्रवास या गोष्टी अनेकांना पुन्हा शक्य झाल्या.

याच काळात औषधोपचारही उपलब्ध झाले. ऑक्सिब्युटिनीन या मूत्राशयाचे आकुंचन कमी करणाऱ्या औषधास अमेरिकेत १९७५ मध्ये परवानगी मिळाली. अशा औषधाने अनावर भावना कमी होते. पण मागे राहणाऱ्या मूत्राचे प्रमाण वाढू शकते. म्हणून उपचारापूर्वी श्राव्यातीत ध्वनितरंगांच्या साहाय्याने ते मोजतात. हे प्रमाण सामान्यतः १०० मिलि.हून अधिक असल्यास नळीच्या वापराचा विचार करतात. औषधांनी गुण न आल्यास बोट्युलिनम विषाचे अत्यल्प मात्रेत मूत्राशयाच्या स्नायूत अंतःक्षेपण करतात. या रोगातील वापरास अमेरिकेत २०११ मध्ये मान्यता मिळाली. यानंतरही काहींना नळी वापरावी लागते.

या उपायांना मर्यादा आहेत. हातांचा कंप व दृष्टिमांद्य यांमुळे काही रुग्णांना स्वतः नळी घालता येत नाही. त्यांना आप्तांचे साहाय्य किंवा ओटीपोटातून बसविलेली नळी आवश्यक ठरते. तक्रार लपविण्यासाठी पाणी पिणे कमी करण्याची सवय अद्याप आढळते व तिने अपायच होतो. लघवीतील जंतुसंसर्गाने ताप येऊन पायांची दुर्बलता तात्पुरती वाढते, तेव्हा मूळ रोगच बळावल्याचा भास होतो. यास्तव मूत्रविसर्जनाविषयीची विचारपूस हा या रोगाच्या प्रत्येक तपासणीचा आवश्यक भाग मानला जातो.