शहर कोण ठरवणार?

आजचा इतिहास राजामहाराजांचा नाही, नकाशावरच्या एका शिक्क्याचा आहे.

२००४ साली इंग्लंडमध्ये स्टीव्ह कोस्ट यांनी ओपनस्ट्रीटमॅप सुरू केलं. कुणीही यावं आणि आपला परिसर नकाशावर भरावा, अशी ही कल्पना. इथे प्रत्येक वस्तीला एक शिक्का लागतो: सिटी, टाउन, व्हिलेज, सबर्ब. शब्द इंग्रजांचे, आणि गोम तिथूनच सुरू होते.

ब्रिटनमध्ये सिटी हा राजाने द्यायचा मान. वेल्समधल्या सेंट डेव्हिड्सची वस्ती २ हजारांच्याही आत, पण १९९४ साली राणीने त्याला सिटी केलं. दीड लाखाच्या वर माणसं असलेलं रेडिंग मात्र अजून टाउनच! मग नकाशाने मान मोजायचा की माणसं? नकाशावाल्यांनी ढोबळ माप धरलं: साधारण १ लाखाच्या वर सिटी, १० हजारांच्या वर टाउन.

आता आपल्याकडे या. आपली जनगणना १९६१पासून तीन गोष्टी बघते: किमान ५ हजार वस्ती, चौरस किलोमीटरला किमान ४०० माणसं आणि काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेर. यात बसलं की ते गणना-शहर, मग कारभार ग्रामपंचायतीचा असला तरी. अशी शहरं २००१ मध्ये देशभरात १,३६२ होती. २०११ मध्ये ३,८९४ झाली. म्हणजे जनगणनेत शहर, कारभारात गाव.

सबर्बची तर वेगळीच तऱ्हा. आपल्या लेखी उपनगर म्हणजे माहीम-सायनच्या पलीकडचं. नकाशात सबर्ब म्हणजे शहराचा नाव असलेला कुठलाही मोठा भाग, म्हणजे दादर-गिरगावही! आणि १९९०ला वेगळ्या झालेल्या मुंबई उपनगर जिल्ह्यात २०११ला ९३ लाख माणसं होती, तर शहर जिल्ह्यात ३१ लाखांच्या आसपास.

तुम्ही म्हणाल, शिक्क्याने काय बिघडतं? बिघडतं ना. नकाशा लहान केला की कुठलं नाव टिकणार आणि कुठलं गायब होणार, हे बरंचसं या शिक्क्यावर ठरतं. प्रेमापोटी कुणी आपल्या गावाला सिटी केलं, तर शेजारचं खरं बाजाराचं गाव झाकलं जाऊ शकतं.

म्हणून मला वाटतं, नुसती लोकसंख्या किंवा नुसता सरकारी दर्जा पुरत नाही. आसपासची माणसं बाजाराला, दवाखान्याला, कॉलेजला कुठे जातात, तेही बघावं. पण जो नियम ठरेल तो लिहून ठेवावा, आणि सगळ्या जिल्ह्यांना एकच लावावा.

तुमचं गाव नकाशावर काय आहे, बघा बरं एकदा. भेटू पुढच्या भागात.