दोन डोंगरांचा किल्ला

मंडळी, दिवाळी तोंडावर आली म्हणून एक जुनी कबुली देऊन टाकतो. गेल्या वर्षी आपल्याकडच्या एका किल्ले स्पर्धेत मी परीक्षक होतो. पहिला नंबर आम्ही एका थर्माकोलच्या किल्ल्याला दिला. लायटिंग, कारंजं, स्पीकरवर पोवाडा, सगळं होतं. किल्ला कोणता, एवढंच कळत नव्हतं.

त्याच दिवशी एका चाळीच्या मागे चार पोरींनी केलेला पुरंदर बघितला होता. शेणामातीचा, जरा तडे गेलेला. शेजारी खिंड सोडून मातीचा अजून एक ढीग. आमच्यातले एक जण म्हणाले, "हा राडारोडा उचलायचा राहिला का गं?" त्यातली एक पटकन म्हणाली, "काका, तो वज्रगड आहे. तो नसेल तर पुरंदर पडतच नाही."

आम्ही हसलो आणि पुढे गेलो. नंबर दिला नाही. घरी येऊन पुस्तकं उघडली, तेव्हा समजलं की पोरगी शंभर टक्के बरोबर होती.

आपल्याला पुरंदर म्हटलं की शंभूराजांचा जन्म, मुरारबाजी आणि तह, एवढं पाठ असतं. पण १६६५ च्या मार्चअखेर मिर्झाराजे जयसिंग आणि दिलेरखान वेढा घालून बसले, तेव्हा त्यांचा पहिला घाव पुरंदरवर नव्हता, वज्रगडावर होता. पूर्वेला भैरवखिंडीपलीकडचा हा धाकटा डोंगर. उंचीला बालेकिल्ल्यापेक्षा कमी, पण पुरंदरची माची त्याच्या नजरेखाली येते. जयसिंगाने बादशहाला लिहिताना वज्रगडाला पुरंदरची किल्लीच म्हटलंय. अवजड तोफा त्या चढावर ओढून न्यायला मोगलांना दिवसच्या दिवस लागले. १४ एप्रिलला वज्रगड पडला आणि तिथून पुढे माचीवर मारा सुरू झाला. बुरुजांसमोर लाकडी दमदमे उभारून त्यावर तोफा चढवल्या गेल्या. बखरी सांगतात ती मुरारबाजींची सातशे मावळ्यांनिशी झडपही याच वेढ्यातली. जूनमध्ये तह झाला, २३ किल्ले गेले, १२ राहिले.

हे वाचताना मला तीनदा नकाशा बघावा लागला. त्या पोरींना नाही लागला, कारण त्यांनी ती खिंड स्वतःच्या हाताने पाडली होती.

त्यांनी किल्ला केला कसा, हेही नंतर जाऊन विचारून आलो. आत विटांचे तुकडे आणि दगड. त्यावर जुनं गोणपाट, चिखलाच्या पातळ काल्यात बुडवून टाकलेलं. त्याच्या घड्या खाली उतरतात त्याच सोंडा आणि घळी, वेगळ्या कोरायला लागत नाहीत. मातीत शेण आणि भाताचं तूस. (तूस कमी पडलं म्हणून तडे गेले, हे त्यांनीच सांगितलं.) कड्यांसाठी फुटक्या कौलांचे तुकडे आडवे, थरावर थर खोचलेले. हे मला फार आवडलं. आपला सह्याद्री थरांचाच आहे ना. कठीण थराचा कडा उभा राहतो, मऊ थर झिजून उतार होतो, आणि त्या टप्प्यावर माची बसते. आपण पिठाच्या ढिगासारखा निमुळता डोंगर करतो, तसा किल्ला सह्याद्रीत शोधून सापडायचा नाही. रंग गेरूचा आणि चुलीतल्या राखेचा. झाडीला अळीव, पाच-सहा दिवस आधी पेरलेले. तटबंदी काडेपेट्यांची, वरून माती सारवलेली. खर्च म्हणाल तर अळिवाची पुडी आणि गेरू.

मावळे मात्र दोनच होते, तेही खाली कोपऱ्यात. का, तर म्हणे "माप बिघडतं". मी हिशोब करून बघितला. एक किलोमीटरचा डोंगर एक फुटात बसवला, तर बाजारातला तीन इंची मावळा आठशे फूट उंच होतो! म्हणजे कड्यापेक्षा मोठा. उलट मावळ्याच्या मापाने किल्ला करायचा तर एक किलोमीटरला पंचेचाळीस मीटर जागा लागेल. तेव्हा दोन्हीपैकी एक निवडा. डोंगर दाखवायचा असेल तर माणसं नकोत, फार तर मोहरीचे दाणे ठेवा छावणी म्हणून. मावळे मांडायचे असतील तर अख्खा गड नको. एक बुरूज, समोर दमदमा आणि मधली लढाई, एवढंच करा.

बाजारात तयार किल्ले आलेत, प्लास्टरचे. आईबापांना वेळ नाही, अंगणाची पार्किंग झाली, मातीची गोणी विकत आणावी लागते, सगळं मान्य. माझ्याही दारात गाडीच उभी असते. पण तो साचा एकच असतो. त्यालाच कुणी रायगड म्हणतं, कुणी प्रतापगड. २०२५ मध्ये आपले १२ किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले तेव्हा आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले, मीही ठेवला. त्या यादीत पुरंदर नाही, हे मला पोरींचा किल्ला बघेपर्यंत लक्षातही आलं नव्हतं.

असो. यंदा पुन्हा परीक्षक म्हणून बोलावलंय. मी एकच अट घातली: लायटिंगला शून्य गुण, आणि किल्ला करणाऱ्याने समोर उभं राहून सांगायचं की शत्रू कुठून आला आणि का आला. आयोजकांनी जरा कुरकुर करत मान्य केलंय. ज्यांच्या शेतात, विहिरीच्या कामावर लाल माती निघाली असेल त्यांनी कमेंटमध्ये सांगा, चाळीतल्या पोरांना दोन गोण्या हव्यात. पोरींनी यंदा पन्हाळा घेतलाय. विशाळगडापर्यंतची वाट कुठून न्यायची, यावर त्यांचं परवापासून भांडण चालू आहे.